आहे ती नोकरी जाणार नाही, नवी जागा निघणार नाही

प्रश्न जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका गुरुजींचा आहे. थोडक्यात असा: मुलगा परभणीत कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मुलीला पुण्याला सीएला घालायचं किंवा एआयचा एखादा मोठा कोर्स लावायचा, तर गावाकडची दोन एकर काढावी लागेल. वकील, सीए, इंजिनिअर यांची कामं यंत्रंच करणार असतील तर हा खर्च कशासाठी? आणि दुसरा प्रश्न: शिकलेला माणूसच रिकामा बसला तर आपल्याकडच्या राजकारणाचं, आरक्षणाच्या लढ्यांचं, संघटनांचं काय होईल?

गुरुजी, मी छत्रपती संभाजीनगरात कामगारांच्या बाजूने वकिली करतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतले वाद, कंत्राटी कामगारांचे दावे, अडकलेली ग्रॅच्युइटी हे माझं रोजचं काम. एआय ऑफिसात आल्यावर कुणाचं काम कुणाकडे जातं, हे मी माझ्या टेबलावरही बघतो आणि अशिलांच्या टेबलावरही. त्यावरून सांगतो: ज्या नोकऱ्या जातील म्हणून तुम्ही घाबरलाय, त्या बहुतेक जाणार नाहीत. त्या निघायच्या थांबतील. ऐकायला हे बरं वाटतं, पण मराठवाड्यासाठी नोकरी जाण्यापेक्षा जागा न निघणं जास्त वाईट.

याचा दाखला आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेलाय. बँकांत संगणक आले तेव्हा संघटना झोपलेल्या नव्हत्या. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रं कुठे, किती बसवायची याचा करार झाला. १९८४ मध्ये बँकांत संगणक कसे आणायचे यावर रंगराजन समितीचा अहवाल आला, १९९३ मध्ये पुन्हा करार झाला आणि एकेक शाखा संगणकावर गेली. एवढ्या उलथापालथीत कामावरच्या कारकुनाला कुणी घरी पाठवलं नाही. संघटनेची ताकदच तशी होती. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, सुमारे लाखभर लोकांनी ती घेतली, काहींनी त्या पैशात गावाकडे बंगले बांधले. मग गेलं कुणाचं? नव्वदच्या दशकात बी.कॉम. होऊन कारकुनाच्या जाहिरातीची वाट बघत बसलेल्या पोरांचं. जाहिराती आटत आटत थांबल्याच. त्यांना कुणी काढलं नव्हतं, म्हणून त्यांचा मोर्चा निघाला नाही, खटला उभा राहिला नाही, पेपरात चौकट आली नाही. आपलं काही गेलंय हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. नशीब म्हणून त्यांनी किराणा दुकान टाकलं.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं तेव्हा देशभर आरडाओरड झाली. व्हायलाच हवी होती. पण आपल्या भागातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात यंदा कॅम्पसला कंपनीच फिरकली नाही, याची बातमी कोण करणार?

आता ऑफिसातलं सांगतो. कामावरून कमी केलेला कंत्राटी कामगार आला की आमचं पहिलं काम हजेरी मोजण्याचं. वर्षात २४० दिवस भरले तर सेवा अखंड धरतात, आणि मग त्याला काढायचं तर नोटीस, भरपाई हे सगळं आलं. माणूस कागद आणतो पिशवीभर. पगाराच्या चिठ्ठ्या, गेट पास, पीएफचा उतारा, ईएसआयचं कार्ड. निम्मे कागद घामाने नाहीतर पावसाने एकमेकांना चिकटलेले. पूर्वी ज्युनिअर दोन-तीन दिवस मान मोडून तारीखवार तक्ता करायचा. आता फोटो काढून टाकले की चहा येईपर्यंत तक्ता हजर.

अलीकडच्या एका प्रकरणात यंत्राने दिवस काढले २२१, आणि दावा टिकणार नाही असं सुबक मराठीत लिहूनही दिलं. माझी ज्युनिअर हिंगोली जिल्ह्यातली, घराण्यातली पहिली वकील. तिने तो तक्ता समोर ठेवून कामगाराला बसवलं आणि ओळ न् ओळ विचारली. दोन गोष्टी निघाल्या. एक तर यंत्राने फक्त प्रत्यक्ष कामाचे दिवस धरले होते. पगारी साप्ताहिक सुट्टी आणि सणावाराच्या पगारी सुट्ट्या त्यात मोजायच्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात १९८५ सालीच सांगितलंय. दुसरी गोष्ट कागदावर नव्हतीच. मध्येच ठेकेदाराचं नाव बदललेलं, म्हणून यंत्राने त्या दोन वेगळ्या नोकऱ्या धरल्या होत्या. तो गडी म्हणाला, "मॅडम, ठेकेदार बदलला, मी कुठं बदललो? मशीन तीच, सुपरवायझर तोच, पंचिंग कार्डबी तेच."

हे सांगितल्यावर यंत्राने मिनिटभरात नवा तक्ता काढला, आणि तो बरोबर होता. तेव्हा 'यंत्राला काय कळतंय' म्हणणाऱ्यांत मी नाही. त्याला बरंच कळतं, आणि दर सहा महिन्यांनी जास्त कळतं. माझा मुद्दा वेगळा आहे. तो प्रश्न विचारायचा असतो हे त्या पोरीला कुठून कळलं? आधी अशा पिशव्या तिने हाताने उपसल्या होत्या म्हणून. त्या रटाळ कामातच वकील घडतो. आणि तेच काम आता ज्युनिअरला द्यायची गरज उरलेली नाही. माझ्याकडे पूर्वी तिघं-चौघं ज्युनिअर असायचे, आता एकीत भागतं. बार रूममध्ये विचारा, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच.

ज्या पोराच्या बापाचं किंवा मामाचं ऑफिस आहे, त्याला खुर्ची मिळेलच. तो चुकत, शिकत तयार होईल. औंढ्याहून किंवा गेवराईहून आलेल्या, शहरात कुणी ओळखीचं नसलेल्या पोराला मात्र त्या खुर्चीपर्यंत नेणारी एकच वाट होती: पडेल ते, फुटकळ, कमी पैशाचं काम. टायपिंग करणं, तारखा घेणं, नकला काढणं, तक्ते करणं. यंत्र नेमकं त्याच वाटेवर येऊन बसलंय.

आपल्याकडे ही वाट मुळात किती जुनी आहे हेही बघा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं १९५० साली, मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. म्हणजे वकील, डॉक्टर, प्राध्यापक, हिशेबनीस हा आपला शिकलेला वर्ग दोन-तीन पिढ्यांचा. पुण्यात पणजोबाची पाटी दारावर असते. आपल्याकडे आजोबाच्या हातात रुमणं होतं. १९७८ साली विधिमंडळात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या काळात घरं जळाली, माणसं मेली. विद्यापीठाच्या नावासाठी एवढं का व्हावं, असं बाहेरचे विचारतात. शेतातून, गावकुसाबाहेरून आत येण्याचं दारच ते एक होतं, म्हणून त्यावर नाव कुणाचं याला एवढं मोल.

आता 'वकील संपणार, सीए संपणार' या आवईबद्दल. यंत्र काम करू शकतं, सही करू शकत नाही. वकीलपत्र वकिलीची सनद असलेल्याच्याच नावाने दाखल होतं, ताळेबंदावर सही सीएचीच लागते, प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक डॉक्टरचाच. आणि काम चुकलं तर मानगूट सही करणाऱ्याचीच धरली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. तिथे न्यायालयाने सॉफ्टवेअरला धारेवर धरलं नाही, अधिकाऱ्याच्या कामावर ताशेरे मारले. यापुढे शिकलेल्या लोकांत फूट पडेल ती इथे: एकीकडे सहीचा हक्क असलेले, दुसरीकडे त्यांच्यासाठी मजकूर तयार करणारे. सहीवाल्याचं उत्पन्न वाढेलही, कारण चौघांचा पगार वाचला. मजकूरवाल्याची गरज संपेल. माझ्या मते येत्या वीस वर्षांतलं खरं वर्गभांडण हेच असेल, आणि ते कारखान्याच्या गेटवर न होता एकाच ऑफिसातल्या आतल्या आणि बाहेरच्या खोलीत होईल.

जुन्या मोडी लिपीचंच बघा ना. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यावर मराठवाड्यात कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि मोडी, उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा म्हाताऱ्या माणसांच्या दारात लोक चपला काढून बसू लागले. त्यांचं बघून तरुण पोरंही मोडीच्या वर्गांना जाऊ लागली. तोवर २०२५ मध्ये आयआयटी रुडकीने मोडीचं देवनागरी करणारं एआय जाहीर केलं. म्हणून दाखल्याला यंत्राचा कागद चालेल का? नाही. वाचून खात्री केली असं लिहून देणारा माणूस लागेलच. पण पूर्वी जिथे दहा वाचणारे लागत होते तिथे आता एक तपासणारा पुरेल. आणि तो एक कोण, हे कुणाची सही मान्य आहे यावर ठरेल.

हिशेबाच्या धंद्यात हे आधीच घडून गेलं. लातूरच्या किंवा जालन्याच्या मोंढ्यात जा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तालुक्या-तालुक्याला विवरणपत्रं भरून देणारी पोरं उभी राहिली. एक संगणक, एक प्रिंटर, महिन्याला दुकानामागे ठरलेले पैसे. पुढे पोर्टलच खरेदीचा तयार उतारा देऊ लागलं, मग सॉफ्टवेअर बिलं जुळवू लागलं, आता बिलाचा फोटो टाकला की नोंद पडते. मुनीम अजून गादीवर आहे, त्याला शेठ काढणार नाही. मुनिमाच्या हाताखालचा पोरगा मात्र आता दिसत नाही.

तुमच्या घरचं बोलायचं तर, गुरुजी, 'एआय कोर्स'साठी जमीन विकू नका, हे मी ठामपणे सांगतो. २००१ पासून आपण एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली. ज्याच्याकडे नव्हतं त्याचं अडलं, पण ज्याच्याकडे होतं त्याला नुसत्या त्या कागदावर कुणी कामावर घेतलं नाही. एआयची प्रमाणपत्रं त्याच वाटेने जातील. वापरायला ते इतकं सोपं होत चाललंय की लाखाची फी कशाची, हे विचारायला हवं. मुलीला सीए करायचं असेल तर करा, कारण त्यात शेवटी सही आहे. पुण्याला लगेच न्यायची गरज नाही. पहिल्या परीक्षा नांदेडला, संभाजीनगरला राहूनही होतात. ऑफिसात बसून शिकण्याचा काळ २०२३ पासून तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आलाय, म्हणून ती दोन वर्षं कुठे काढायची हे जास्त महत्त्वाचं. मोठ्या नावाच्या ऑफिसात दोन वर्षं यंत्राने काढलेल्या तक्त्यांवर टिक मारण्यापेक्षा जिथे व्यापारी समोर बसून भांडतो असं मध्यम ऑफिस निवडा.

मुलाला सांगा: सनद हातात पडेपर्यंत मन लावून कायदा वाच, आणि सनद मिळाली की पहिलं वर्ष-दोन वर्षं यंत्र बाजूला ठेवून मसुदे स्वतः लिही. नंतर खुशाल वापर. महसूल, कामगार, कौटुंबिक, फौजदारी, जिथे साक्षीदाराच्या तोंडाकडे बघावं लागतं आणि अशील खरं लपवतोय हे ओळखावं लागतं, त्या बाजूला वळ. नुसते करार लिहून देणाऱ्या वकिलीचं काही खरं नाही. इंजिनिअरिंगला तुमच्या घरचं कुणी नाही, म्हणून तिकडे जात नाही.

आता राजकारणाकडे वळतो.

आपल्या कामगार कायद्याची सगळी उभारणी 'काढलेल्या' माणसाभोवती आहे. काढलं तर नोटीस, काढलं तर भरपाई, काढलं तर न्यायालय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात कामगार कमी करण्याआधी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर गेली, आणि काढलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांचा पगार देणारा एक निधी आला. बरं-वाईट काहीही म्हणा, पण हे सगळं जो आत आहे त्याच्यासाठी. ज्याला कधी घेतलंच नाही तो कायद्याच्या लेखी कामगार नाही. त्याला युनियन नाही, संप नाही, तारीख नाही.

मग हा न घेतलेला माणूस जातो कुठे? अभ्यासिकेत जातो. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, लातुरात, परभणीत, बीडमध्ये कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सहाला जाऊन बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. खासगी ऑफिसातली खालची पायरी जितकी झिजेल तितकी ही गर्दी वाढणार, कारण सरकारी नोकरी हीच एक अशी जागा उरते जिथे आत गेलेल्याला यंत्र बाहेर काढत नाही. आणि जागा त्याच, माणसं वाढली की भांडण वाट्यावर येतं.

अंतरवाली सराटीपासून २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयापर्यंत जे झालं ते तुम्ही माझ्याइतकंच जवळून पाहिलंय. मराठ्यांच्या बाजूचे आणि ओबीसींच्या बाजूचे, दोन्हीकडचे लोक माझे अशील आहेत. दोघांच्याही घरात डिग्री घेऊन बसलेलं पोर आहे. सोयाबीनला भाव नाही हे दोघांचंही दुखणं. आरक्षण हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, त्याला नुसतं नोकरीच्या गणितात बसवणं चूक, हे मला मान्य आहे. पण आंदोलनात इतकी तरुण पोरं का उतरतात, हे गणिताशिवाय कळत नाही. एआयमुळे जात मागे पडून वर्गाचं राजकारण पुढे येईल, असं आमचे काही डावे मित्र म्हणतात. मला तसं दिसत नाही. निदान पहिली दहा वर्षं उलटंच होईल. दार अरुंद झालं की दारापाशी लोक आपापल्या माणसांचा हात धरतात, आणि आपल्याकडे आपला माणूस म्हणजे जातीतला, भावकीतला.

तरीही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे खासगी कंपन्यांकडून सरकारी कामाला माणसं घेण्याचा शासन निर्णय काढला. अभ्यासिकांमधली पोरं रस्त्यावर आली. त्या मोर्चांत कुणी कुणाची जात विचारत नव्हतं, कारण जागाच जाणार म्हटल्यावर वाट्याचा प्रश्न उरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. तसंच २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं. सहा हजार, आठ हजार, दहा हजार रुपये विद्यावेतनावर पोरं सरकारी कार्यालयांत घेतली, सहा महिने आधी, मग पाच महिने मुदतवाढ. मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणून तीच पोरं एकत्र आली. न घेतलेल्यांचं राजकारण होऊ शकतं, फक्त त्याला समोर कुणीतरी दिसावं लागतं.

यंत्र नेमकं ते समोरचं माणूस घालवतं. आपल्याकडचं सगळं आंदोलन खुर्चीतल्या माणसाला धरून असतं: तहसीलदाराला घेराव, कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर वाळलेली सोयाबीनची झाडं, बँक मॅनेजरच्या दारात ठिय्या. आता २०२३ च्या खरिपापासून सोयाबीन-कापसाच्या विम्यात पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडलेल्या शेतातलं पीक कापून उत्पादन मोजण्याच्या, जोडीला उपग्रहावरून काढलेला उत्पादनाचा अंदाजही धरायला सुरुवात झाली. पीक कापणी प्रयोग चुकला तर निदान कुणाच्या शेतात झाला, कोण हजर होतं, पंचनाम्यावर कुणाची सही, हे विचारता येतं. अंदाज संगणकाच्या मॉडेलने काढला असेल तर अधिकारीच हात वर करतो: "साहेब, वरून आलंय, सिस्टीममध्ये तेच दिसतंय." 'पोर्टल घेत नाही' हे वाक्य आपण ऐकून ऐकून पचवलंय. उद्या रेशनचं नाव कटलं, कर्ज नाकारलं, शिष्यवृत्ती अडकली की हेच उत्तर येणार. सहीवाले आणि बिनसहीवाले यांच्या वर मग तिसरा थर येतो: ज्यांची यंत्रं आहेत ते. त्यांचा मोंढ्याशी, तहसिलीशी काही संबंध नाही. त्यांना घेराव घालायचा तर गाव कुठलं गाठायचं?

हे सगळं काळंकुट्ट वाटत असेल तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती मी माझ्या ऑफिसात रोज बघतोय. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड जोडप्याचं उचलीचं, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचं प्रकरण होतं. मुकादमाच्या वहीत आकडे पेन्सिलीने, खाडाखोड केलेले, त्यातच किराणा, दवाखाना आणि मागच्या हंगामाची बाकी मिसळलेली. त्यांच्या बारावीतल्या पोराने वहीच्या पानांचे फोटो काढून फोनवर हिशेब लावला. एकच रक्कम दोन हंगामांत दोनदा धरली होती. तो कागद घेऊनच ते आले. पूर्वी हा हिशेब लावून घ्यायलाही त्यांना कुणाच्या तरी पाया पडावं लागलं असतं. वॉचमनचं काम करणारा माणूस फोनवर तक्रार लिहून आणतो, आणि ती आमच्या काही ज्युनिअरांपेक्षा नेटकी असते. वकिलाने, एजंटने, अर्ज लिहून देणाऱ्याने अडाणीपणाची जी फी खाल्ली ती कमी होतेय, आणि माझ्या धंद्याचं त्यात नुकसान असलं तरी ते व्हायलाच हवं होतं.

फक्त अशा कागदाचं पुढे काय होतं? आकडे घेऊन मुकादमाला सामोरं जायचं तर एकट्याने चालत नाही, पाठीशी संघटना लागते. तो हिशेबाचा कागद घेऊन पोरगा एकटा गेला असता तर पुढच्या हंगामात त्या घराला ऊसतोडीच्या टोळीत जागा मिळाली नसती.

आणि संघटनांनी काय करावं? आपल्या शिकलेल्या लोकांनी आधी 'मी कामगार नाही' हा तोरा सोडावा. तासिका तत्त्वावर शिकवणारा, नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला प्राध्यापक आणि त्याच संस्थेच्या अध्यक्षाच्या साखर कारखान्यातला हंगामी कामगार, दोघांच्या मे महिन्याच्या पगाराची अवस्था सारखीच असते. पण हा प्राध्यापक कधी त्या कामगाराच्या सभेला जाऊन बसत नाही. कायदाही त्याला मदत करत नाही: शिक्षक हा औद्योगिक कायद्यातला कामगार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरंबाल प्रकरणात म्हटलंय. उलट संगणकावर तांत्रिक काम करणाऱ्या पोरांना वाटतं की पगार जास्त म्हणून आपण कामगार नाही. तसं नाही. महिन्याला अठरा हजार पगाराची मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांना. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही.

कारखान्यातल्या संघटनांच्या हातात तर एक हत्यार आहे, ते कुणी उचलत नाही. नव्या संहितेत कलम ४० आहे, जुन्या कायद्यात ते ९-अ होतं. परिशिष्टात दिलेल्या बाबींत बदल करायचा तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यायची. छाटणी होईल असं यंत्र किंवा तंत्र आणणं ही त्यातली एक बाब, ती सगळ्यांना पाठ असते. त्याच यादीत विभागातल्या, पाळीतल्या माणसांच्या संख्येत घट, ही वेगळी बाब आहे. कुणालाही न काढता, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या ठेवून संख्या कमी केली तरी हा मुद्दा उभा करता येतो. मालक विरोध करेल, वाद होईल, पण न निघालेल्या जागेबद्दल कायद्यात बोलता येईल अशी ही जवळजवळ एकच फट आहे.

दुसरं, पगारवाढीच्या करारात 'निवृत्तीने रिकामी झालेली जागा अमुक महिन्यांत भरली जाईल' हे कलम घालायचं. मागणीपत्रात ते बहुतेक वेळा असतं. शेवटच्या बैठकीत सुटतं, कारण आपल्या बाजूला बसलेले सगळे कायम असतात आणि हजार रुपये जास्त मिळत असतील तर त्या कलमासाठी अडून बसायला कुणी तयार नसतं. म्हणून मी संघटनांना सांगतो, मागणीपत्राच्या बैठकीला ट्रेनी आणि अप्रेंटिस पोरांतले दोघं तरी बसवा. काहींनी ऐकलं. एका ठिकाणी व्यवस्थापनाने लगेच हरकत घेतली की ही पोरं आमचे कामगारच नाहीत, त्यांनी टेबलावर बसायचं कशाला. तो वाद सध्या समेट अधिकाऱ्यांसमोर आहे.